वांग्यावर खात्रीशीर उपाय

२४ सप्टेंबर, बुधवार

खुर्ची आली! लाल रंगाची, मागे आडवी होणारी, खास फेशियलची. बारामतीहून टेम्पोत उभी राहून आली. लासुर्ण्याच्या चौकात टेम्पो थांबला तर टपरीवरची सगळी माणसं चहा सोडून बघायला उठली. एक म्हातारबा म्हणाले, "गावात दाताचा डाक्टर येतोय जणू." मी मनात म्हटलं, डॉक्टर नाही बाबा, म्हाळसा येतेय!

नाव म्हाळसा आणि धंदा ब्यूटी पार्लरचा, यावरून क्लासमधल्या पोरी खिदळायच्या. आमच्या राजलक्ष्मी मॅडम मात्र म्हणाल्या होत्या, नाव बदलू नकोस, तेच बोर्डावर टाक. टाकणार! आणि मॅडमची दुसरी शिकवण पण पाळणार. बाई खुर्चीत बसली की आधी तिची त्वचा बघायची, फेशियल मग ठरवायचं. तेलकट आहे, कोरडी आहे, कपाळ-नाक तेलकट आणि गाल कोरडे अशी मिश्र आहे, का हात लावला तरी लाल होणारी नाजूक आहे. तिने गोल्ड फेशियल मागितलं म्हणून डोळे झाकून गोल्ड फासायचं नाही.

खोलीचं मात्र अजून तळ्यात-मळ्यात आहे. घराची रस्त्याकडची खोली मला पार्लरला हवी, आणि माझे दीर अवि भावजी, त्यांना तिथेच शेतीऔषधांचं दुकान टाकायचंय. घर आत्यांच्या नावावर. सासूला आत्या म्हणायची इकडची रीत आहे म्हणून आत्या, नाहीतर ह्या ठमाबाई कुणाची आत्या शोभतील असं बोलणं नाही त्यांचं. आज जेवणं झाल्यावर हे म्हणाले, "आई, एकदाचं काय ते सांगून टाक." आत्यांनी मिसरीचं बोट तोंडातून काढलं. "दसऱ्याला म्हाळसाला उघडू द्या. पाडव्यापतूर बघू. चाललं तर खोली तिची. न्हाय चाललं तर पाडव्याला अविराज नारळ फोडंल." एवढं बोलून पदर गालावर ओढून घेतला. त्यांनी पदर ओढला की समजायचं, आता पुढे बोलायचं नाही.

धाकट्यावर जीव आहे त्यांचा, मला काय कळत नाही का. पण दिवाळीच्या पाडव्यापर्यंत तर खोली माझी! खुर्चीवरचं प्लास्टिक काढावंसं वाटत नाही, आणि काढल्याशिवाय राहवत पण नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

विशाल पेंटरचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या रांगेत. तो म्हणतो, ताई, मजकूर सांगा, आत्ता रंगवायला बसतोय. गिरणीच्या घरघरीत ओरडून ओरडून सांगितलं. म्हाळसा ब्यूटी पार्लर. त्वचा तपासून फेशियल. पिंपल, काळे डाग आणि वांगावर उपाय. "कशावर?" "वांगावर! वांगावर!" रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बघा म्हटलं, उद्या गिऱ्हाईक व्हाल.

२ ऑक्टोबर, दसरा

उघडलं! उघडलं! उघडलं!

झेंडूची तोरणं, खुर्चीला हार, वाफेच्या यंत्राला हळदकुंकू. हे कंपनीतून खास सुट्टी काढून घरी थांबले. पाच सवाष्णी बोलावल्या होत्या, आल्या पंधरा. प्रत्येकीने खुर्चीत बसून फोटो काढून घेतला. फेशियल एकीनेही केलं नाही, म्हणे सणाच्या दिवशी तोंडाला काय फासायचं. हरकत नाही, खुर्ची तर सगळ्यांना माहीत झाली.

बोर्ड पण काय झोकात झालाय! गुलाबी रंग, एका कोपऱ्यात बाईचा चेहरा (नाक जरा ट्रॅक्टरच्या बोनेटसारखं आलंय, पण असू दे). खाली मोठ्या अक्षरात: पिंपल, काळे डाग, वांगावर खात्रीशीर उपाय. ते "खात्रीशीर" विशालने पदरचं घातलंय. मी म्हटलं, अरे, खात्री कोण देणार? तर म्हणतो, ताई, खात्रीशीर लिहिलं की माणूस थांबतो.

एकच गोष्ट मनाला लागली. आत्यांना दोनदा बोलवायला गेले, तर कांदा चिरत बसलेल्या. "माजं काय काम तितं? तुमी करा." खोलीचा उंबरासुद्धा ओलांडला नाही. सुनेचा सण, आणि कांदा जास्त झाला! बायका गेल्यावर मात्र बाहेर रस्त्यावर उभ्या राहून, अक्षर अक्षर जुळवत बोर्ड वाचत होत्या. मला बघून म्हणाल्या, "हे वांगाचं खरं हाय का?" मी फणकाऱ्यातच होते. म्हटलं, "खोटं कशाला लिहीन?" पदर ओढला आणि आत गेल्या.

४ ऑक्टोबर, शनिवार

पहिलं गिऱ्हाईक आलं आणि मी ते घालवलं.

कळंबची साक्षी. परवा तिचा साखरपुडा. स्कूटीवरून उतरली ती "गोल्ड फेशियल करा, माझ्या मैत्रिणीने केलं होतं, काय चमकली फोटोत" असं म्हणतच. मी आधी तिला तोंड धुवायला लावलं, थोडं थांबले, मग टिश्यू पेपर दाबून बघितला. कपाळ, नाक, हनुवटी, सगळीकडे कागद तेलाने पारदर्शक. आणि गालांवर पिकलेले पिंपल. त्याच्यावर स्क्रब घासायचा? तेलाचा मसाज करायचा? वाफ द्यायची? सगळा पू तोंडभर! मी म्हटलं, "साक्षी, तुझ्या त्वचेला आत्ता गोल्ड चालणार नाही. साधं क्लिन्झिंग करते, थंड पॅक लावते, आणि दोन दिवस हात लावू नकोस."

"म्हणजे तुम्हाला गोल्ड येत नाही का?"

येत नाही! मला! मी तरी शांतपणे समजावलं. ती फुरंगटून स्कूटीला किक मारून गेली. वर जाता जाता टपरीवर सांगून गेली म्हणे, त्या पार्लरवालीला काही येत नाही.

डोळ्यात पाणी आलं होतं तेवढ्यात दारात आत्या. हातात चहा. खोलीत पाय न टाकता, बाहेरूनच हात लांब करून दिला. "गेली व्हय?" "गेली." "आन् तू न्हाय म्हणलीस?" मी म्हटलं, "आत्या, तुम्ही सगळ्या रानाला एकच खत टाकता का? माळाला वेगळं, काळ्या रानाला वेगळं. तोंडाचं तसंच." त्यांनी रिकामा कप माघारी घेतला. मग म्हणाल्या, "आन् गालावर डाग आसला मंजी? त्याला काय टाकायचं?" मी म्हटलं, डाग कसला आहे ते बघितल्याशिवाय कसं सांगू? मी त्वचा बघायच्या दिव्याचं भिंग पुसायला म्हणून त्यांच्याकडे वळवलं तर झटकन पदर ओढून निघून गेल्या.

सगळी चौकशी करून भावजींना सांगत असणार. दुसरं काय!

८ ऑक्टोबर, बुधवार

हसावं का रडावं!

सकाळी एक तात्या आले. धोतर, टोपी, हातात पिशवी. चपला बाहेर काढून आत आले आणि माझ्या फेशियलच्या ट्रेमध्ये, त्या स्वच्छ पांढऱ्या टॉवेलवर, चार किडकी वांगी ओतली. "पोरी, मी कळंबचा गेणू. अळीनं पार नास केलाय बघ. फवारून फवारून हात दुखलं. तुज्याकडं खात्रीशीर हाय म्हणून आलो."

मी म्हटलं, "तात्या, हे ब्यूटी पार्लर आहे." ते म्हणाले, "आसंल की. पर वांग्यावर उपाय हाय ना?" आणि मला हाताला धरून बाहेर नेलं आणि बोर्ड दाखवला.

वांग्यावर!

वांगावर नाही, वांग्यावर! दसऱ्यापासून तो बोर्ड लटकतोय, मी रोज त्याला नमस्कार करते, आणि एकदाही डोळ्याला दिसलं नाही! माझ्या डोक्यात वांगच होता, गालावरचा काळसर डाग, म्हणून मी वांगच वाचत होते. मी गेणूतात्यांना सांगितलं, तात्या, वांग म्हणजे बायकांच्या गालावर येतं ते, उन्हाने, बाळंतपणात. ते डोक्याला हात लावून म्हणाले, "मग आमच्या म्हातारीला हाय की त्ये!" वांगी पिशवीत भरली आणि बिचारे निघाले. तेवढ्यात अवि भावजी आले. ऐकल्यावर अंगणात बसून हसले, पोट धरून हसले. मग तात्यांना हाक मारून वांग्यांवर कुठलं औषध, किती पाण्यात, केव्हा मारायचं सगळं सांगितलं. तात्या खूश. भावजी मला म्हणतात, "वहिनी, बघा, तुमच्या बोर्डवर माझंच गिऱ्हाईक येतंय!"

दुपारपर्यंत बोर्डवरच्या नंबरवर तीन फोन. तिघांनाही वांगी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

विशालला फोन केला तर दिवाळीच्या रंगकामात गळ्यापर्यंत बुडालाय, म्हणे पाडव्यानंतर बघू. मी स्वतःच डबा-ब्रश घेऊन स्टुलावर चढले. त्या "ग्या"चा "गा" करायला किती वेळ लागतो? तर आत्या धावत बाहेर. "ऱ्हाऊ दे! उतर खाली! चांगला हाय बोर्ड." मी म्हटलं, "आत्या, लोक वांगी घेऊन येतायत!" "येऊ देत. पुसायचं न्हाय म्हणलं ना."

आता काय शंका उरली? बोर्ड असाच राहिला, वांगीवाले येत राहिले, की पाडव्याला म्हणायला मोकळ्या, बघ, इथे दुकानच चालतंय. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, पण घर त्यांचं. उतरले.

हे म्हणतात तू उगाच मनात घेतेस. यांना काय, हे दिवसभर कंपनीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजचा दिवस सोन्याचा!

सकाळी साक्षी आली. ओढणी डोळ्यांपर्यंत. कुठल्यातरी पार्लरमध्ये जाऊन साखरपुड्याच्या आदल्या दिवशी गोल्ड करून घेतलं होतं. तोंड असं फुललेलं, लालेलाल, फोटोत सगळीकडे हात गालावर. मला वाटलं होतं, आली की दोन शब्द सुनवायचे. पण ती ओढणी काढून रडायलाच लागली. कसले शब्द नि कसलं काय! गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, आग शांत केली, घासायचं-चोळायचं सगळं बंद करायला सांगितलं, आणि म्हटलं, हे माझ्या हातातलं नाही आता, बारामतीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, लग्नाला अवकाश आहे, चेहरा नक्की सुधारेल. जाताना म्हणाली, "ताई, त्या दिवशी तुमचं ऐकलं असतं तर..." मी म्हटलं, लग्नाचं फेशियल माझ्याकडे. ती हसली! त्या लाल तोंडाने हसली!

आणि ती जाते तोच गेणूतात्यांची मोटारसायकल. मागे त्यांच्या मंडळी, ताईबाई. उतरल्या त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ह्यांनी वांगी आणली हुती. मी वांग आणलाय. बघ बाई."

मी इतकी हसले की त्याच मला सावरायला लागल्या. गालावर खरंच वांग होता, मधाच्या रंगाचा. त्यांना ब्लीच हवं होतं, जाऊबाईने सांगितलेलं. मी म्हटलं ब्लीच नाही, वाफ नाही, घासणं तर मुळीच नाही, ह्या डागाला उष्णता लागली की तो जास्त चिडतो. थंड दुधाने हलक्या हाताने पुसलं, कोरफडीचा पॅक लावला, वरून सनस्क्रीन. आणि खरं ते सांगितलं, एका फेशियलने जाणार नाही, फिका होईल, रोज सनस्क्रीन लावून, डोक्यावरून कापड घेऊन रानात जायचं, चुलीच्या जाळासमोर कमी बसायचं, डॉक्टरांना पण दाखवायचं. "बोर्डावर तर खात्रीशीर लिवलंय," म्हणाल्या. मी म्हटलं, "बोर्ड पेंटरचा आहे, मावशी. हात माझा आहे." आणि ताईबाई माझ्या खुर्चीत घोरल्या! चक्क घोरल्या!

आत्या सगळा वेळ दाराबाहेर शेंगा निवडत. एवढ्या शेंगा आल्या कुठून देव जाणे. ताईबाई बाहेर पडल्यावर त्यांना हळूच विचारत होत्या, "दुखतं का वं? हात कसा लागतो तिचा?" बघा! माझ्या हाताची पण परीक्षा चाललीय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

ह्या आठवड्यात बाया येतायत. रोज एक, कधी दोन. गावातल्या मास्तरीण बाई आल्या, कोरडी त्वचा, त्यांना मलईदार मसाज. कॉलेजची पोरगी, तेलकट, तिला मुलतानी माती. मॅडमना फोन करून सगळं सांगितलं, त्याही खूश. आणि रोज दोघे-तिघे वांगीवाले. भावजी अंगणातच खाट टाकून बसतात आणि त्यांना सल्ला देतात. आज तर त्यांनी दुकानाचे लोखंडी रॅक पण आणून ठेवले, रस्त्यालगत एवढं ट्रॅक्टरचं शेड असताना माझ्या दारासमोरच. मी म्हटलं, भावजी, पाडवा अजून यायचाय. ते म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण मोजून बघा की. तोंडं जास्त का वांगी?"

मोजायचं नाही ठरवलं होतं. तरी मोजलं. वांगी जास्त.

आत्यांना विचारायचं धाडस केलं, "आत्या, तुमचं काय ठरतंय?" "पाडव्याला सांगती." आणि पदर.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

माझ्या पार्लरमध्ये माझ्यामागे कुणीतरी येतंय!

बाजारातून आले तर गुलाबपाण्याच्या बाटलीचं झाकण उघडं. टॉवेल ओला. भिंगाचा दिवा खाली वाकवलेला, खुर्चीत बसलेल्या माणसाला स्वतःचं तोंड आरशात दिसेल असा. तडक भावजींना जाऊन विचारलं, "खोली मोजायला गेला होता का?" ते शपथेवर नाही म्हणाले, वर म्हणाले, "मी मोजली असती तर गुलाबपाणी कशाला लावलं असतं, वहिनी?" तेही खरंच. टॉवेलवर मिसरीचा तपकिरी डाग होता. ताईबाई मिसरी लावतात, पण त्या तर रविवारी आल्या होत्या. टॉवेल त्यानंतर धुतलाय. काही सुधरत नाही बाई.

कुलूप लावायचं ठरवलं होतं. आत्या म्हणाल्या, "घरात कुलूप कशाला?" म्हणून राहिलं.

२० ऑक्टोबर, सोमवार, पहिली आंघोळ

आजचं सगळं आजच लिहिणार.

सकाळी आत्यांनी सगळ्यांना उटणं लावलं. यांना, भावजींना, मला पण. माझ्या पाठीला लावताना हात एवढा हलका की मला माझ्या आईची आठवण आली. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या, फराळ झाला, पुरुष माणसं गावात फिरायला गेली. मी पार्लर झाडत होते. दारात आत्या. हातात उटण्याची वाटी. आणि पहिल्यांदाच, दसऱ्यापासून माझ्यादेखत पहिल्यांदाच, उंबरा ओलांडून आत आल्या.

"हे उरलंय," म्हणाल्या. "समद्यास्नी लावलं. मला लावायचं ऱ्हायलं. तू लाव."

आणि मी, माझं तोंड कधी बंद राहील तर शपथ, मी रोज गिऱ्हाइकाला बोलते तसं बोलून गेले, "उटणं नको आत्या. ते खरखरीत असतं, तुम्हाला चालणार नाही."

त्यांचं तोंड एकदम उतरलं. "व्हय, व्हय," म्हणाल्या, "माज्यासारखीला कशाला. सणाचं." आणि माघारी वळल्या.

मी धावत जाऊन हात धरला. "तसं नाही हो! त्वचा बघितल्याशिवाय मी कुणालाच काही लावत नाही, तुम्ही रोज दाराबाहेर बसून ऐकता की! बसा. खुर्चीत बसा." त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या. मी मागे आडवं केलं तशा घाबरून दोन्ही हातांनी धरलं. मग मी पदर बाजूला केला.

दोन्ही गालांवर वांग. नाकाच्या दांडीवरून आरपार, कपाळावर पण. जुना, गडद. लग्न होऊन ह्या घरात आले त्या दिवसापासून मी ह्या बाईच्या हातचं जेवतेय, आणि त्यांचा चेहरा असा उजेडात कधी बघितलाच नव्हता. मला वाटायचं, पदर म्हणजे राग.

"अविराज पोटात हुता तवा आला," त्या डोळे मिटून बोलत होत्या. "लिंबू चोळलं, जायफळ चोळलं, कुणी काय सांगंल ते चोळलं. गेला न्हाय. मग पोरांचा बा गेला. मग म्हणलं, आता कुणाला दावायचंय. बोर्ड वाचला तवा वाटलं, हे माज्यासाठीच लिवलंय. लोकांनी वांगी वाचली, म्हाळसा. मी वांगच वाचला."

"मग पुसू का दिला नाही?"

"मला वाटलं, वांगाची वळच पुसतीस. पुसून नुसतं ब्यूटी ठेवलं आसतंस, तर मी कुठल्या तोंडानं आत आले आसते?"

मी थंड दूध घेतलं, कापूस घेतला. कपाळापासून सुरुवात केली, मग गाल, मग हनुवटी. न चोळता, नुसतं टेकवत. त्यांच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं, कानाकडे वाहायला लागलं. मी घाबरले, "आग होतेय का?" "न्हाय. पोरांचा बा गेल्यापासनं ह्या तोंडाला कुणाचा हात लागला न्हवता," म्हणाल्या. माझ्याच्याने पुढे पुसवेना. थोडा वेळ नुसते दोन्ही हात त्यांच्या गालांवर ठेवून उभी राहिले.

मग विचारलंच, "दसऱ्याला का नाही आलात? मी दोनदा बोलवायला आले होते."

"येडी का खुळी तू! नव्या दुकानाची भवानी सवाष्णीच्या हातनं व्हावी. पैलं पाऊल माजं पडलं आसतं, आन् तुजं न्हाय चाललं तर?"

म्हणजे कांदा चिरत होत्या त्या माझ्यासाठी. मी इथे बसून काय काय खरडत राहिले, आणि त्या माझं चालावं म्हणून दाराबाहेर शेंगा निवडत होत्या. खरं सांगते, हुंदका आला तो आवरलाच नाही. मी म्हटलं, "पाडव्याला माझ्याकडे पहिलं फेशियल तुमचं. भवानी तुमच्याच हातची." त्यांनी लगेच पदर शोधला. "गप. लोकं काय म्हणतील. सवाष्णी सोडून मी? काय तरीच बोलती."

सनस्क्रीन लावून दिलं तेवढं. आरशात बघून म्हणाल्या, "बैलाला चुना फासल्यावानी दिसतंय." पण पुसलं नाही! स्वयंपाकघरात गेल्या तशाच.

खोलीचं मी विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. टॉवेलवर पुन्हा मिसरीचा डाग. आता कळलं!

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी अवि भावजी नवीन शर्ट घालून, नारळ घेऊन अंगणात. रॅक पुसून चकचकीत. हे माझ्या शेजारी उभे. साक्षी आलेली, चेहरा बराच निवलाय, येताना दोन मैत्रिणी घेऊन आली. ताईबाई आणि गेणूतात्या आलेले, तात्यांच्या पिशवीत ह्या वेळी धडधाकट वांगी, भावजींना दाखवायला. शेजारपाजारच्या बाया. सगळे आत्यांची वाट बघत. काल लक्ष्मीपूजनाला मी देवीकडे काय मागितलं ते लिहीत नाही, पण खुर्ची मागितली.

आत्या आल्या. नवं हिरव्या काठाचं लुगडं. पदर खांद्यावर, डोक्यावर नाही, गालावर नाही. दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर ते तोंड. कुणीतरी श्वास आत ओढला ते मला ऐकू आलं. त्या कुणाकडे न बघता सरळ उंबरा ओलांडून आत गेल्या आणि माझ्या लाल खुर्चीत, कडेला नाही, पार मागेपर्यंत टेकून बसल्या.

"अविराज," आतून हाक मारली, "रॅक टॅक्टरच्या शेडात लाव. शेड मोठं हाय, रस्त्याला हाय, तितं नारळ फोड. ही खुर्ची काय आता हलायची न्हाय. मी बसलीया."

भावजींनी नारळ काखेत मारला. मग म्हणाले, "आई, मग बोर्डखाली एक बाण काढू का? वांगी शेडात, असा?" आणि सगळी हसायला लागली. गेणूतात्या तर नारळ फुटायच्या आधीच शेडाकडे निघाले.

बाया मात्र दारातच थबकलेल्या. एकमेकींकडे बघतायत. आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज पाडवा हाय. भवानी माजी. ज्यांना न्हाय चालायचं त्यांनी खुशाल घरी जावं."

कुणी हललं नाही. ताईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बसा की आक्का. आमी थांबतो."

माझ्या डोळ्यांत पाणी, हातात टॉवेल, आणि खुर्चीतून आत्यांची ओरड, "रडत काय बसलीस? गिऱ्हाईक खोळंबलंय न्हवं का?"

मी टॉवेल झटकला, त्यांच्या गळ्याभोवती नीट लावला, आणि जे सगळ्यांना विचारते तेच आधी विचारलं, "आत्या, तोंड धुऊन आलात का?"